सतरा नंबरची चूल

आष्टीकरबाई आमच्या घरी एकदाच जेवल्या. दुसऱ्यांदा आईने त्यांना बोलवू दिलं नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांची, समाजकार्याची पदवी घेऊन जुईनगरच्या एका संस्थेत नुकतीच चिकटलेली. बाई तिथल्या सर्वांत जुन्या कार्यकर्त्या. साठीला टेकलेल्या, काटकुळ्या, साडीची इस्त्री मोडू न देता दिवसभर उन्हात फिरणाऱ्या, पायात पुरुषी चपला. नवीन मुलगी कामाला लागली की तिच्या घरी एकदा जेवायचं, हा त्यांचा रिवाज होता. आईने हौसेने पुरण घातलं. नेरूळच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही खाली पंगत मांडली. बाई मुकाट्याने जेवल्या, ताक प्यायल्या, आणि हात धुवून झाल्यावर पदराला पुसत आईला म्हणाल्या, "वहिनी, तुमचं माहेर कुठलं?"

"पुण्याचं. सदाशिव पेठेतलं," आई म्हणाली. हे मी जन्मापासून ऐकत आले होते.

"पेठेतलं नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही डाव भांड्याच्या काठाला निपटता आणि मग वाढता. कुणाला थेंब जास्त नाही, कुणाला कमी नाही. आणि स्वतः जेवताना डावा हात ताटाभोवती धरता. हे घरात शिकत नाही कुणी. शंभर मुलींच्या पंगतीत शिकतात. अनाथाश्रमात होतात ना?"

आई तिथेच भिंतीला टेकून बसली. "हो," म्हणाली. वडिलांना ठाऊक होतं, मला नव्हतं. बाईंनी बडीशेप तोंडात टाकली. "त्यात लाजायचं काय? चांगल्या झालात की," म्हणाल्या, आणि त्यांना मनापासून वाटत होतं की आपण कौतुक करतोय. पुढच्या आठवड्यात आईने स्वयंपाकघराच्या दाराला पडदा शिवून लावला. माझ्या ऑफिसातलं कुणीही आलं की ती तो ओढून घ्यायची.

मी बाईंवर चिडले होते. पण खोटं कशाला बोलू, चिडण्यापेक्षा भारावले जास्त होते. दोन वर्षं मी जाडजूड पुस्तकं वाचली होती, आणि जन्मदात्या आईबद्दल जे मला चोवीस वर्षांत कळलं नव्हतं ते या बाईला एका जेवणात कळलं होतं. हे आपल्याला शिकायचंय, असं मी ठरवून टाकलं.

बाईंचं शास्त्र साधं होतं. माणूस तोंडाने खोटं बोलतो, कागदाने त्याहून जास्त बोलतो, पण स्वयंपाक करताना बोलू शकत नाही. "कागद मागून आणता येतो," त्या म्हणायच्या, "चूल बरोबर येते." गृहभेटीला गेल्या की खुर्ची दिली तरी बसायच्या नाहीत. सरळ आत जाऊन चुलीपाशी पाय दुमडून बसायच्या, चहा मागायच्या, आणि बोलता बोलता हात लांबवून एकेक झाकण उचलून बघायच्या. स्वतः देशस्थ, अंडंसुद्धा न खाणाऱ्या, पण कुणाच्याही घरचं पाणी, कुणाच्याही घरचा चहा त्यांना चालायचा. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत.

तुर्भ्याला खाणींच्या खाली झोपड्या होत्या. तिकडे लातूरकडची भूकंपातून आलेली माणसं उतरली होती, त्यांना आम्ही ब्लँकेटं वाटत होतो. एका बाईने नाव सांगितलं, गाव सांगितलं, घर कसं पडलं ते सांगितलं, सासू कशी गेली ते सांगताना रडली. माझेही डोळे भरून आले. आष्टीकरबाई तिच्या चुलीकडे बघत होत्या. पातेल्यात पाणी उकळत होतं, आणि ती बाई रडता रडता सवयीने त्यात तांदळाचं पीठ वैरत होती.

"लातूरच्या बाया भाकरीला उकड कधीपासून काढायला लागल्या गं?" बाईंनी विचारलं. "ज्वारीवर वाढलेली तू. तांदळाची उकड तुझ्या हाताला कशी ठाऊक? महाडची का पोलादपूरची?"

ती बाई रडायची थांबली. "पोलादपूरची," म्हणाली.

बाईंनी तिला ब्लँकेट दिलं. एक नाही, दोन. "थंडी काही गाव विचारून वाजत नाही," म्हणाल्या. मग पिशवीतून गुलाबी कागद काढला आणि तिच्यासमोरच लिहिलं: भूकंपग्रस्त नाही, पोलादपूर, खोटे सांगितले. ती बाई दोन ब्लँकेटं छातीशी धरून बघत राहिली. बाई तिला शरमेने मारू शकल्या असत्या. त्यांनी मारलंही नाही, वाचूही दिलं नाही.

त्या गुलाबी कागदाची गोष्ट सांगायला हवी. संस्थेची प्रत्येक कुटुंबाची फाइल पांढऱ्या कागदांची असे. त्यात माणूस जे सांगेल ते लिहायचं. बाई प्रत्येक फाइलला स्वतःचा एक गुलाबी कागद जोडत. त्यात खरं काय ते. "मदत खोट्यालासुद्धा करावी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, "पण नोंद खरी ठेवावी. आपल्याला तरी ठाऊक असलं पाहिजे आपण कुणाला काय दिलं." फाइली हिरव्या लोखंडी कपाटात असत आणि किल्ली बाईंच्या पर्समध्ये. पंचवीस-तीस वर्षांत एकही गुलाबी कागद त्या कपाटाबाहेर गेला नाही, असं त्या सांगत, आणि ते खरं होतं.

हे सगळं त्या शिकल्या कुठे, तर मध्य प्रदेशातल्या जंगलात, निर्वासितांच्या छावणीत. पूर्व बंगालातून आलेल्या हजारो माणसांत त्यांनी तरुणपणीची सात वर्षं काढली. बांगला तिथे शिकल्या, माणसं ओळखायला तिथे शिकल्या. त्या काळाबद्दल त्या फारसं बोलत नसत. फक्त तिथल्या वासाबद्दल सांगत. त्या लोकांना सुकी मासळी लागे. लसूण-मिरची घालून वाटलेली, तव्यावर परतलेली. "सात वर्षं त्या वासात झोपले," बाई म्हणायच्या. "आंधळी झाले तरी ओळखीन."

नवीन मुलींशी त्या कशा वागत हेही सांगते, नाहीतर वाटायचं नुसत्या हुशार होत्या. एका पोरीला पहिल्याच भेटीत एका जळालेल्या सुनेचा जबाब घ्यावा लागला. ती बाहेर येऊन हमसून रडायला लागली. बाईंनी तिला पुरतं रडू दिलं, रुमाल दिला, आणि मग फॉर्म पुढे केला. "झालं? आता सहा नंबरचा रकाना भर. रिकामा सोडलायस." ती पोरगी महिन्याभरात बँकेच्या परीक्षेला बसली. मी टिकले, आणि टिकले याचा मला गर्व होता.

जुईनगर स्टेशनच्या मागे, खाडीच्या अंगाला, एकतीस झोपड्या होत्या. दंगलीत मुंबईतून जीव घेऊन आलेली माणसं. बहुतेक मुसलमान, काही उत्तर प्रदेशातली, काही बांगला बोलणारी. तिथून रस्ता जाणार होता. त्या सगळ्यांना महापेच्या पलीकडे पक्क्या खोल्या द्यायचं घाटत होतं, आणि कोण खरं, कोण नाही याची शहानिशा आमच्या संस्थेकडे आली होती. त्या दिवसांत पेपरात रोज एकच विषय होता: घुसखोर. लुंगी नेसलेला माणूस बांगला बोलताना दिसला की चहाच्या टपरीवर लोक गप्प होत. त्यामुळे अट अशी पडली की यात सीमेपलीकडचं कुणी नाही, असं संस्थेने सांगायचं. मग खोल्या.

बाई आणि मी एकेक झोपडी घेत गेलो. सतरा नंबरला हसीना राहायची. बावीस-तेवीस वर्षांची, नवरा रफीक तळोज्याला एका कारखान्यात ड्रम धुवायचा, चार वर्षांची मुलगी. झोपडीला दार नव्हतं, गोणपाट होतं. मुंबईत त्यांचं दार मोडून लोक आत आले होते, एवढंच तिने मला सांगितलं, त्यापुढचं नाही. मग कोपऱ्यातल्या ट्रंकेतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून दाखवलं. पितळी कडी होती. तुर्भ्याच्या बाजारातून आणलेली. "नये घर को लगाएगी," म्हणाली. "अंदर से."

बाई चुलीपाशी बसल्या. हसीनाशी बांगलात बोलायला लागल्या, तशी ती पोरगी उमलली. कितीतरी दिवसांत कुणी परकं माणूस तिच्याशी तिच्या भाषेत बोललं नसणार. बाईंनी गाव विचारलं. "मुर्शिदाबाद," हसीना म्हणाली. कागद? गावाहून येतोय, दिराने पाठवलाय. बाईंनी मान हलवली आणि तव्यावरचं झाकण उचललं. लसूण, लाल मिरची आणि सुक्या मासळीचा वास झोपडीभर पसरला. बाईंनी डोळे मिटले. मी त्यांच्याकडे बघत होते. असं सुख त्यांच्या तोंडावर मी पुन्हा पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मुर्शिदाबादेत हे खात नाहीत. नाक मुरडतात. ही पोर पलीकडची आहे."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? खोली मिळेल तिला. खोटं बोलली, पण कशासाठी बोलली? कडीसाठी." त्यांनी गुलाबी कागद काढला आणि लिहिलं. सतरा: सीमेपलीकडील. निरुपद्रवी. खोली द्यावी.

बैठक आमच्याच ऑफिसात झाली. खोल्या देणाऱ्या खात्याचे साहेब आले होते. त्यांच्याबरोबर साध्या कपड्यांतला एक पोलीस, तो कोपऱ्यात बसून वहीला रबर लावत होता. संस्थेतर्फे बाई, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा मिलिंद, आणि आमच्या समितीवरचे म्हात्रे भाऊ. भाऊ इथल्याच गावचे आगरी. बापाची भातशेती आणि मिठागर शहर बसवायला गेलं, तेव्हापासून ते सगळ्या पुनर्वसनांकडे वाकड्या डोळ्यांनी बघत, आणि त्यांचं चुकत होतं असं मला आजही म्हणवत नाही. मी टिपणं घेत होते.

"बाई, तुमी चांगल्या मानूस हाव," भाऊंनी सुरुवात केली. "पन आमची जमीन जेली तवा आमाला कोनी खोली दिली नाय. या लोकांना देताव, देवा. आमचा इरोद नाय. पन यातला एक जरी तिकरचा निघाला आन उद्या काय झाला, तं कोनाच्या गावाशेजारी हाय ती वस्ती? आमच्या. कोन कुठला, ठावं तरी हाय का तुमाला?"

मिलिंद उसळला. "भाऊ, ते ठरवणं आपलं कामच नाही. आपण पोलीस आहोत का? माणूस बेघर आहे, त्याला घर द्यायचं. कुठला ते विचारायचंच नाही."

"न विचारता द्यायचं म्हणजे भिकाऱ्यासमोर तुकडा टाकायचा," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या दारात कोण उभं आहे हे तुला जाणूनच घ्यायचं नाही. त्याला तू दया म्हणतोस?"

"आणि तुम्ही काय करता?" मिलिंदने बाईंना विचारलं आणि तो साहेबांकडे वळला. आता तो भाऊंशी भांडत नव्हता. "सर, या बाई लोकांच्या शेगड्या हुंगून देश सांगतात. भोंदूगिरी आहे ही. याच्यावर आपण रिपोर्ट देणार?"

मिलिंद पोरगा वाईट नव्हता. आजही भेटतो, आजही त्याच तावाने बोलतो. पण त्या दिवशी त्याने हा शब्द साहेबांसमोर वापरला, आणि भाऊ हसले. मी बाईंकडे पाहिलं. मानेची शीर ताठ झाली होती. मला वाटलं, मिलिंदचं आता काही खरं नाही. हसीना माझ्या मनातही आली नाही.

"एकतीस घरं," बाई म्हणाल्या. "एक नंबर, उत्तर प्रदेशातला बस्ती जिल्हा. दोन नंबर, त्याचा चुलतभाऊ, तोही बस्ती. तीन, मालदा. चार, मालदा, बायको कटिहारची..." त्या कागदाशिवाय बोलत होत्या. कुणाच्या घरी डाळीला कसली फोडणी, कोण पोळी कशी भाजतं, कुणाच्या बायकोने सासरची रीत उचलली नाही. साहेबांनी पेन खाली ठेवलं. भाऊंचं हसू गेलं. मिलिंदसुद्धा ऐकत होता. मी अभिमानाने फुगून टिपणं घेत होते. "सोळा, बीरभूम. सतरा, पलीकडची. अठरा, बस्ती."

"थांबा," साहेब म्हणाले. "सतरा?"

कोपऱ्यातल्या माणसाने वहीचं रबर काढलं.

बाई अडखळल्या नाहीत. "सतरा पलीकडची. म्हणून तर सांगते, भाऊ, मला ठाऊक आहे कोण कुठला. आणि ठाऊक असूनही सांगते, खोली तिला द्या. त्या घराला मी जामीन आहे."

साहेबांनी आमचा फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे तीस क्लिअर?"

"एकतीस म्हटलं मी. एकाला मी जामीन आहे."

"बाई, जामिनाचा रकाना नाही यात," साहेब म्हणाले. अगदी आदराने म्हणाले. "पण तुमचं काम मानलं हं. तीस खोल्यांची पत्रं सोमवारी काढतो."

वाद बाईंनी जिंकला होता. भाऊंनी उठून त्यांना नमस्कार केला. पंचवीस-तीस वर्षांत गुलाबी कागद कपाटाबाहेर गेला नव्हता, आणि त्या दिवशीही गेला नाही. बाईंनी तो तोंडाने वाचून दाखवला.

शुक्रवारी दुपारी पोलिसांनी रफीक, हसीना आणि मुलीला उचललं. आम्हाला कळलं ते शनिवारी, म्हात्रे भाऊंच्या आईकडून. ही म्हातारी स्टेशनच्या बाहेर सुकट-बोंबील घेऊन बसायची. डोक्यावरची पाटी तिने ऑफिसच्या पायरीवर उतरवली आणि चपला न काढता आत आली. मागून भाऊ धावत आले.

"माझी पोर कुठं नेली?" तिने विचारलं.

"कोण पोर, आय?" मी म्हटलं.

"हसीना. माझा जवला निवरून देते ती. दोन वर्सा झाली. गोनपाट फाटलाय, घरात कोन नाय. कोन बोलतं पोलिसांनी नेली, ती बांगलादेसची हाय. कशी व्हईल? पयल्यांदा आयली तवा सुकटीच्या वासानं ओकली ती माझ्या दारात. बोलते, आमच्यात सुका खात नाय. मीच शिकवला तिला. ताजी मच्छी परवडते का त्यांना? म्हनलं, लसून घे, मिर्ची घे, पाट्यावर वाट आन परत तव्यावर. आता पोर तिची त्याच्याबिगर जेवत नाय."

भाऊ दारात उभे होते, त्यांनी आईचा दंड धरला होता. मी बाईंकडे बघायला धजत नव्हते. दोन वर्षं आम्ही स्टेशनवर त्या म्हातारीच्या पाटीवरून नाकाला पदर लावून जात होतो. खाडीकाठच्या प्रत्येक घरात ती चटणी होते. बाईंना तो वास आला आणि त्यांना जंगलातली छावणी दिसली. पाचशे पावलांवरचं गाव दिसलं नाही.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "लसूण मासळीबरोबर वाटायचा, की आधी?" त्यांनी विचारलं.

"बरोबर," म्हातारी म्हणाली.

"तिकडे आधी वाटतात," बाई म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही, स्वतःशीच. "मी झाकण उचललं. चव नाही घेतली."

म्हातारीला काय समजलं कोण जाणे. तिने कमरेची पिशवी सोडून कागदाची पुरचुंडी काढली. पितळी कडी. "ट्रंक लोकांनी नेली, ही परली व्हती मातीत." मी हात पुढे केला तशी तिने मूठ मिटली. "माझ्याकरं ऱ्हाऊं दे. तुमच्याकरं नको."

जाताना भाऊ दारात थांबले. "बाई, मी नाव घ्या बोललो नवतो," ते म्हणाले. "ठावं हाय का, एवरंच इचारलं व्हतं. नाव तुमी घेतलाव."

त्याच दुपारी बाई आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. बैठकीतला तो माणूस आता वर्दीत होता. त्याने बाईंना खुर्ची दिली, मला स्टूल दिलं, चहा मागवला. तिघांना सकाळच्या गाडीने सीमेकडे पाठवलं होतं, इतर काहींबरोबर.

"माझी चूक झाली," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "ती इकडचीच आहे. त्यांना परत बोलवा."

"तुमची चूक कशी होईल, बाई?" तो खरोखर गोंधळला होता. "तुमच्या शब्दावर तर तीस खोल्या दिल्या साहेबांनी."

"झाली."

मग त्याने एक कोरा कागद पुढे सरकवला. "तसं लिहून द्या. माझी ओळखायची पद्धत चुकते, असं. मी आत्ता तार करतो, गाडी पोचायला अजून दीड दिवस आहे. पण मग त्या तिसांचंही परत बघावं लागणार. एक चुकलं म्हणजे तीस बरोबर कशावरून? त्यांच्याकडे तरी कुठे कागद आहेत? तुमचा शब्दच आहे."

तो वाईट बोलत नव्हता. धमकावतही नव्हता. जे होणार ते सांगत होता.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. कागदावर तारीख घातली. मग हात थांबला. मला ऐकू येत होतं, बाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं. मी म्हटलं, "बाई, सोमवारी पत्रं मिळणार आहेत. तीस घरं आहेत."

हे मी म्हटलं. मिलिंदने नाही, भाऊंनी नाही. मला कुणी विचारलंही नव्हतं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, तशाच, जशा त्या कुणाच्या तव्याकडे बघत. मग पेनाला टोपण लावलं, कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि उठल्या. चहा तसाच राहिला.

नवव्या दिवशी मुर्शिदाबादहून रजिस्टर्ड पाकीट आलं. झोपडीला पत्ता नसतो, म्हणून रफीकने संस्थेचा दिला होता. बाईंनी सही करून ते घेतलं. आत हसीनाचा शाळा सोडल्याचा दाखला होता, पाचवीपर्यंतचा. मी म्हटलं, आता तरी घेऊन जाऊ या. बाई म्हणाल्या, "कुठे? ते आता पलीकडे आहेत. पलीकडच्यांना हा कागद काय सांगणार?" त्यांनी कपाट उघडलं, सतरा नंबरची फाइल काढली, दाखला तिला जोडला, आणि जुन्या गुलाबी कागदाखाली नवीन ओळ लिहिली. दुरुस्ती: कुटुंब इकडचेच. मूळची नोंद चूक. तारीख, सही. मग कपाटाला कुलूप लावलं. मला त्या क्षणी त्यांची किळस आली. आणि त्यांनी दुसरं काय करायला हवं होतं हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं, आजही येत नाही. हसीनाचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. बाईंनी दिराच्या पत्त्यावर तीन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही.

वर्षभराने संस्थेच्या नियमाप्रमाणे महापेच्या त्या खोल्यांची पाहणी होती. बाई पावसाळ्यानंतर निवृत्त होणार होत्या, ही त्यांची शेवटची पाहणी. मी बरोबर गेले.

पक्की बैठी चाळ, पत्र्याची नवी दारं, निळा रंग. वस्तीच्या तोंडाशी पोरांनी आम्हाला पाहिलं आणि ती पळत आत गेली. आम्ही एक नंबरच्या दारात पोचेपर्यंत बाहेर प्लास्टिकची खुर्ची मांडलेली होती. घरची बाई दारात उभी. "आइए, बैठिए," म्हणाली, आणि बसल्यावर कुणालातरी पाठवून टपरीवरून थंड पेयाची बाटली आणवली, स्ट्रॉ घातलेली. सोबत बिस्किटाचा न फोडलेला पुडा.

"चहा टाक की," बाई म्हणाल्या आणि सवयीने उठून दाराकडे निघाल्या.

ती बाई दारातून हलली नाही. अदबीने हसत होती. "गॅस खतम है," म्हणाली. तिच्या मागे कुणीतरी दार लोटलं, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

दोन नंबरलाही खुर्ची होती. तीन नंबरलाही. दर दारात बाटली, दर दारात पुडा, हात जोडून सलाम, "आप की मेहरबानी से मिला, बाईजी." आणि आम्ही पुढच्या दाराशी जायच्या आधीच तिथली कडी आतून लागलेली. दुपारचे साडेबारा झाले होते. तीसही घरांत भात शिजत असणार, बंद दारांच्या फटींतून त्याचा वास येत होता, आणि ओळीने एकाही बाईने आम्हाला तो दाखवला नाही.

आठव्या दाराशी बाई खुर्चीत बसल्या त्या उठेनात. हातात बाटली होती, तिला पाणी सुटलं होतं, इस्त्रीच्या साडीवर थेंब पडत होते. बंद दाराआडून एका लहान मुलीने कुजबुजत विचारलं, "गई क्या वो?"

"नहीं," आतली बाई म्हणाली. "चूल्हे पे पानी डाल."

बाईंना ऐकू आलं. निखाऱ्यांवर पाणी पडल्याचा चरचर आवाजही ऐकू आला. त्यांनी स्ट्रॉ काढून खाली ठेवली, बाटली तोंडाला लावून तळापर्यंत प्यायल्या, आणि मला म्हणाल्या, "नऊ नंबर."